कस्टमर म्हणतोय "ही कंपनी नको", आणि कारण राजकारण आहे: सीमाभागातल्या नवीन विमा एजंटांसाठी

येळ्ळूरला एका घरात सोप्यात बसलो होतो. चहा झालेला, हप्ता वर्षाचा की सहा महिन्यांचा, मुलीच्या लग्नापर्यंत किती साठेल, सगळं बोलून झालेलं, चेकसुद्धा लिहून पुढ्यात ठेवलेला. मी फॉर्म दिला, काकांनी चष्मा लावला, पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं आणि फॉर्म तसाच माझ्याकडं सरकवला. "एका अंगाला इंग्लिश, एका अंगाला कन्नड. आमची भाषा कुठाय ह्यात? जिथं माझी भाषा नाही तिथं माझी सही नाही." आणि चेक परत खिशात.

एजन्सीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ते आक्षेप ठरलेले असतात बघा, पैसे नाहीत, मंडळीला विचारून सांगतो, पुढच्या महिन्यात या, शेअरमध्ये जास्त मिळतंय, आणि त्यांची उत्तरं पण आपल्याकडून पाठ करून घेतात. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी ह्या पट्ट्यात फिरायला लागलं की पहिल्या महिन्यातच वेगळे आक्षेप यायला लागतात. "ही केंद्र सरकारची कंपनी, आणि केंद्रानं आमचं काय केलं ते बघतोयस न्हवं." "तुमच्या कंपनीनं अदानीत पैसे घातले." "परदेशी कंपनी घेऊन फिरूलालास, कित्तूर इथनं किती लांब आहे रे?" "तुमच्या ऑफिसचा बोर्ड बघितला, एक अक्षर मराठी नाही." आणि कन्नड घरात गेलं की तिथं वेगळंच, कंपनी मुंबईची, फोन लावला तर पलीकडनं हिंदी, "कन्नड बर्तैतेन्री तुमच्या लोकांना?", म्हणजे कन्नड येतंय काय.

मी हे काम १९ वर्षं करतोय. जे सांगतोय ते नुकतीच परीक्षा पास होऊन एजन्सीचा कोड मिळालेल्या पोरापोरींसाठी आहे, कारण हा आक्षेप आला की नवीन एजंट एकतर वाद घालतो नाहीतर मान डोलावतो, आणि दोन्हीनं नुकसान होतं. एजंटाचं कमिशन गेलं तर जातंय, पण त्या घराला विमा राहत नाही, ते मोठं नुकसान.

मान डोलवायची सवय मला पण होती

वाद घालू नये हे कुणालाही कळतं. मान डोलावणं हे जास्त घातक आहे कारण त्या वेळी ते चांगुलपणा वाटतं. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या घरात बसलो की समितीचा व्हायचो आणि रामदुर्ग-बैलहोंगल साइडला कन्नड घरात बसलो की "हौद्री, हौद्री" करत तिथला व्हायचो. एका वर्षी एकाच गल्लीत दोन्ही घरं आली. एक मराठी, एक कन्नड, दोघं एकाच कारखान्यात कामाला, जेवणाचा डबा एकत्र खाणारे. त्यांनी आपसात बोलताना माझी दोन्ही तोंडं जुळवून बघितली. दोघांनी पण नंतर माझा फोन उचलला नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं, कारण जो माणूस सीमाप्रश्नावर खोटं बोलतो तो क्लेमच्या वेळी खरं बोलेल असं त्यांनी का मानावं.

तेव्हापासून मी एकच वाक्य धरलंय आणि ते खरं आहे म्हणून सगळीकडं चालतं: "काका, ह्या विषयावर तुमचं मत तुमचं, माझं मत माझ्या घरात. मी तुमच्या घरच्यांच्या पैशाचं विचारायला आलोय, त्याबद्दल जे विचाराल ते खरं सांगतो, माहीत नसेल ते लिहून नेतो आणि विचारून सांगतो." एवढं बोलून गप्प बसायचं. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलेल, दहा मिनिटं बोलेल, बोलू दे. ह्या भागात १९५६ पासून लोकांनी लाठ्या खाल्ल्यात, तुरुंग बघितलेत, घरातला माणूस गमावलाय, १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनातली आठवण कितीतरी घरात अजून ताजी आहे, तो राग तुमच्यावर नाही. मध्येच "पण काका" म्हणू नका.

त्याचं बोलून झालं की मग एक प्रश्न विचारायचा, आणि हा प्रश्न माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगपेक्षा जास्त कामाचा आहे: "कंपनी दुसरी असती तर पॉलिसी घेतली असती काय?"

उत्तर ऐका. "घेतली असती, पण माझे पैसे ह्यांच्याकडं बुडायला नकोत" असं आलं तर ती पैशाची भीती आहे, तिला आकड्यानं उत्तर द्यायचं. "घेतली असती, पण ह्यांनी आमचा मान ठेवायला पाहिजे" असं आलं तर तो भाषेचा, मानाचा प्रश्न आहे, त्यात तुम्ही स्वतः बरंच काही करू शकता. "घेतली असती, पण ह्या कंपनीला एक रुपया देणार नाही" असं आलं तर ते तत्त्व आहे, आणि तत्त्वाला उत्तर नसतं, वाट करून द्यायची असते. कधीकधी उत्तर येतं "नाही, तशी गरजच वाटत नाही", मग राजकारण नुसतं निमित्त होतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर आहात.

पैशाची भीती असेल तर

उद्यमबागमधला एक फाउंड्री कामगार, २०२३ चा फेब्रुवारी. पहिली पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर भेटला, हातावर अजून काळी वाळू, आणि एलआयसी पॉलिसीचा बाँड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. महिनाभर टीव्हीवर अदानी-हिंडेनबर्ग, म्हणजे अदानी गटावर अमेरिकन संस्थेनं केलेल्या आरोपांचं प्रकरण, चाललेलं. "दादा, हे बंद करून टाकूया. माझ्या घामाचे पैसे त्या माणसाच्या खात्यात नकोत."

इथं राजकारण आणि भीती दोन्ही मिसळलेलं होतं. मी आधी भीती वेगळी काढली. एलआयसीनं ३० जानेवारी २०२३ ला स्वतः पत्रक काढून सांगितलेलं होतं की ३१ डिसेंबर २०२२ ला अदानी गटात शेअर आणि कर्जरोखे मिळून ३५,९१७.३१ कोटी रुपये आहेत, आणि एलआयसीची एकूण मालमत्ता सप्टेंबर २०२२ ला ४१.६६ लाख कोटींच्या वर होती. म्हणजे शंभर रुपयातला एक रुपया पण नाही. दुसरी गोष्ट, त्याची पॉलिसी साधी बचतीची एंडोमेंट होती, शेअरबाजाराशी जोडलेली युलिप नाही, म्हणजे एखादा शेअर पडला म्हणून त्याची विमा रक्कम कमी होत नाही. तिसरी, एलआयसी कायद्याच्या कलम ३७ मध्ये विमा रक्कम आणि जाहीर झालेला बोनस ह्याला केंद्र सरकारची हमी आहे. आणि चौथी, ही पण सांगितली कारण लपवली असती तर बाकी तिन्ही खोट्या ठरल्या असत्या: पुढचा बोनस किती जाहीर होईल ह्याची हमी कुणी देत नाही, गुंतवणुकीवर कमी मिळालं तर बोनस कमी होऊ शकतो.

मग बंद केलं तर काय ते कागदावर मांडलं. वर्षाला २४,००० प्रमाणे सहा हप्ते, १,४४,००० भरलेले. चौथ्या ते सातव्या वर्षात गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मध्येच बंद केल्यावर नक्की मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यांच्या ५० टक्के, म्हणजे ७२,०००, वर बोनसचा थोडा भाग, आणि कंपनीच्या हिशोबानं स्पेशल सरेंडर व्हॅल्यू जास्त निघाली तर ती. पेडअप करायची वाट पण दाखवली, म्हणजे पुढं हप्ता भरायचा नाही, कमी झालेली रक्कम मुदतीला मिळेल. तो बराच वेळ त्या ७२ हजाराकडं बघत बसला. मी काहीच बोललो नाही. शेवटी म्हणाला, जुनी चालू ठेवतो, पण नवीन एक रुपया इथं घालणार नाही, टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसतं मृत्यूचं कव्हर, दुसरीकडं घेतो. घेतला पण, दुसऱ्या एजंटाकडनं. नॉमिनीचं नाव दोन्हीकडं एकसारखं पडलंय की नाही तेवढं मी तपासून दिलं.

आकडे सांगितले म्हणजे आपण अदानी बरोबर की चूक हे सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेवा. तो विषय त्याच्या मताचा. आपण फक्त त्याच्या पैशाला किती धक्का लागू शकतो ते सांगायचं.

"सरकारनं कंपनी विकायला काढली" हे पण वरचेवर येतं. मे २०२२ मध्ये सरकारनं एलआयसीचे ३.५ टक्के शेअर विकले, ९६.५ टक्के सरकारकडं राहिले, आणि कलम ३७ ची हमी तशीच राहिली. खरा राग कुठं आहे ते वेगळंच असतंय, ९४९ चा शेअर पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट देऊन ८८९ ला दिला, बेळगावात कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा डीमॅट उघडलं ते त्यासाठी, आणि पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली उघडला. त्या लोकांना "शेअर वेगळा आणि पॉलिसी वेगळी" एवढं शांतपणे सांगितलं की निम्मा राग उतरतो. त्यांना शेअरच्या बाबतीत "धरून ठेवा, वाढेल" असलं काही सांगू नका, ते आपलं काम नाही.

प्रायव्हेट कंपनीचं काम करणाऱ्यांना "परदेशी" हा आक्षेप जास्त येतो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जिल्हा आहे हा, इंग्रज म्हटल्यावर लोकांना इतिहास आठवणारच. इथं पण माहिती द्या: परदेशी भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के होती, २०१५ ला ४९, २०२१ ला ७४ झाली, आणि २०२५ च्या बजेटमध्ये १०० टक्के करायची घोषणा झाली, हे लपवू नका. पण भांडवल कुणाचंही असो, पॉलिसीधारकांचा पैसा भारताबाहेर गुंतवायला विमा कायद्यात बंदी आहे, लाइफ फंडातला निम्मा तरी सरकारी आणि तसल्याच मान्य रोख्यांत ठेवावा लागतो, आणि सॉल्व्हन्सी रेशो, म्हणजे देणी भागवायची कंपनीची ताकद, दीडच्या खाली जाऊन चालत नाही. हे तीन मुद्दे डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ऐकून जर तो म्हणाला की नफा तर बाहेर जातोय न्हवं, तर "हो, भागीदाराचा वाटा त्याला मिळतो" म्हणा. तो खरं बोलतोय.

शहापूरच्या मास्तरांची गोष्ट

एक रिटायर्ड मास्तर होते, दर १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, निषेधाची काळी फीत लावून सायकल फेरीत जाणारे. त्यांचा आक्षेप थेट केंद्र सरकारवर. एकदा त्यांनीच विचारलं की ही एलआयसी काढली कुणी. मी सांगितलं, चिंतामणराव देशमुखांनी, अर्थमंत्री असताना, १९ जानेवारी १९५६ ला रेडिओवरनं जाहीर करून, आणि मग १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र करून महामंडळ झालं. मास्तर खुर्चीत पुढं सरकले. कारण १७ जानेवारी १९५६ हा आमच्याकडं हुतात्मा दिन, म्हणजे बेळगावात गोळीबार झाल्यावर दोनच दिवसांनी ही घोषणा. आणि त्याच वर्षी त्याच देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदावर लाथ मारली. मास्तर म्हणाले, "हे मला माहीत होतं, पण हे दोन्ही एकाच माणसाचं हे कधी डोक्यात आलं नव्हतं."

त्यांनी पॉलिसी घेतली नाही. वय पण झालेलं, गरज पण नव्हती. पण नातवाच्या नावानं काय करता येईल ते विचारायला सुनेला बोलावलं. ही गोष्ट मी कुणावर फेकायला म्हणून सांगत नाही आणि तुम्ही पण तशी वापरू नका. कुणी इतिहास विचारला तर सांगायचा, आणि सांगायचा तर तारखेसकट बरोबर सांगायचा, कारण ह्या भागात म्हाताऱ्या माणसांना तारखा तोंडपाठ आहेत आणि चुकलात तर तुमच्या प्रीमियमच्या आकड्यावर पण विश्वास राहत नाही.

भाषेचा आक्षेप हा कामाचा आक्षेप आहे

आता येळ्ळूरच्या काकांकडं येतो. ते गाव कसलं आहे ते तुम्हाला माहीत आहे, २०१४ च्या जुलैत "महाराष्ट्र राज्य" लिहिलेला फलक काढल्यावर तिथं लाठ्या चालल्या. त्या गावात "अहो फॉर्मच तर आहे, सही करा, मी भरतो बाकीचं" असं म्हणणं म्हणजे अपमान. आणि खरं सांगायचं तर ते म्हणणं कुठल्याच गावात बरोबर नाही, फक्त बाकी ठिकाणी लोक खपवून घेतात.

मी म्हटलं, "काका, छापील मराठी आत्ता माझ्याकडं नाही. पण ह्यातला प्रत्येक प्रश्न मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवतो, तुम्ही मराठीत उत्तर द्या, मी ते तसंच इंग्लिशमध्ये लिहितो, आणि सही तुम्ही मराठीत करा." प्रपोजल फॉर्मच्या शेवटी त्यासाठी जागाच असते, व्हर्नाक्युलर डिक्लरेशन म्हणतात, फॉर्मच्या भाषेत सही नसेल किंवा अंगठा असेल तर ज्यानं समजावून सांगितलं त्यानं लिहून द्यायचं की मजकूर ह्यांना ह्यांच्या भाषेत समजावला आणि उत्तरं ह्यांनीच दिलीत. आपल्यातले निम्मे एजंट ते डिक्लरेशन न वाचता भरतात. ते कोर्टात उभं राहणारं वाक्य आहे, लक्षात असू दे.

दीड तास लागला. आरोग्याच्या प्रश्नांवर आलो, "गेल्या पाच वर्षात कुठली गोळी सतत चालू आहे काय", काका "नाही" म्हणाले आणि आतनं काकूंचा आवाज आला, "बीपीची पांढरी गोळी सकाळी कोण घेतंय मग?" काकांना ती गोळी औषध वाटतच नव्हती, रोजचं झालेलं. लिहिली. डॉक्टरची चिठ्ठी मागवून जोडली, कंपनीनं मेडिकल करून थोडा एक्स्ट्रा प्रीमियम लावला, काकांनी कुरकुर केली आणि भरला. मी जर इंग्लिश फॉर्म गाडीवर बसून टिक मारत भरला असता तर तिथं "नाही" पडलं असतं.

म्हणून भाषेचा आक्षेप आला की मला आता आनंद होतो, वाचून दाखवायला कारण मिळतं. ह्या बाबतीत आणखी काय करता येतं ते सांगतो. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फर्मेशन शीट येते, काय कव्हर आहे, काय नाही, तक्रार कुठं करायची हे थोडक्यात असतं, ती पॉलिसीधारकानं मागितली तर स्थानिक भाषेत द्यावी असा नियम आहे. बऱ्याच कंपन्यांचा धंदा महाराष्ट्रात आहे, मराठी प्रत त्यांच्याकडं तयार असते, ब्रँचमध्ये तोंडी विचारून गप्प बसू नका, कस्टमरच्या सहीनं मेल करा. बोर्डाचं मात्र तसं नाही. कर्नाटकात बोर्डावर ६० टक्के कन्नड हा राज्याचा कायदा आहे, तो कंपनीनं ठरवलेला नाही आणि एजंटाच्या हातात पण नाही. "साहेबांशी बोलतो" असं खोटं आश्वासन देऊ नका, हे माझ्या हातात नाही असं सांगा.

नावाचं स्पेलिंग ही ह्या भागातली सगळ्यात मोठी डोकेदुखी, आणि लोकांना ती राजकारणाची वाटते कारण मूळ तिथंच आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठीत भावकाण्णा, उताऱ्यावर कन्नडमध्ये भावकण्णा, आधारवर इंग्लिशमधनं फिरून आलेलं भावकन्ना. चव्हाण, चौहान, चवाण तर विचारूच नका. माणूस म्हणतो, "माझं नाव त्यांनी बिघडवलं, मी का बदलू?" बरोबर आहे, पण क्लेमच्या वेळी मृत्यूचा दाखला पंचायतीतनं एका स्पेलिंगनं येतो, पॉलिसी दुसऱ्या, नॉमिनीचं पासबुक तिसऱ्या, आणि मग बाई सहा महिने अॅफिडेव्हिट घेऊन फिरते. पॉलिसी घेतानाच सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा, फरक दाखवा आणि आधी आधार-पॅन-बँक एक करून घ्या. पत्त्याचं पण तसंच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, काही लोक अजून ते लिहू देत नाहीत. ओळखपत्रावर जे आहे ते फॉर्मवर, आणि जुन्या बाँडवर बेळगाव आहे म्हणून पॉलिसी बाद होत नाही एवढं सांगून टाका, ह्याची उगाच भीती लोकांच्या मनात आहे.

कन्नड बोलणाऱ्या घरात हेच सगळं उलट बाजूनं असतं आणि तितकंच खरं असतं. आपलं मोडकंतोडकं कन्नड चालतं, पण फॉर्म समजावायला ते पुरत नसेल तर कन्नड चांगलं येणारा सोबत न्या. आपल्या काकांना जी वागणूक पाहिजे तीच त्यांच्या काकांना.

तत्त्व असेल तर सोडा, पण विमा सुटू देऊ नका

"ह्या कंपनीला एक रुपया देणार नाही." ठीक आहे. एका एजंटला लाइफची एकच कंपनी चालवता येते, त्यामुळं दुसरी कंपनी म्हणजे आपलं कमिशन गेलं, हे मान्य करून चला. मी तिथंच सांगतो, "मग दुसऱ्या कंपनीचा टर्म प्लॅन घ्या, पण ह्या महिन्यात घ्या", आणि ओळखीचा एजंट असेल तर नंबर देतो. घरात कमावणारा एकटा आणि पोरं लहान, अशा ठिकाणी मी दोन महिन्यांनी फोन करून घेतली काय ते विचारतो सुद्धा.

तीन गोष्टी मात्र करू देऊ नका. एक, रागाच्या भरात जुनी पॉलिसी बंद. नवीन हातात येऊन तिचा बाँड वाचल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कंपनीची मोडायला लावून स्वतःची विकणं हे तर आपल्या आचारसंहितेत बसत नाही. नवीन पॉलिसीत तीन वर्षांचं घड्याळ परत शून्यापासनं सुरू होतं, विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणं तीन वर्षं झाल्यावर कंपनी पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करू शकत नाही, ते संरक्षण जुनीत मिळालेलं असतं ते जातं. हेल्थची पॉलिसी असेल तर बंद न करता दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते, रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्यायचा. दोन, हप्ता थांबवून निषेध. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवस ग्रेस असतो, मासिकला १५, त्यानंतर माणूस गेला तर निषेध कुटुंबाला महाग पडतो. तीन, घेतल्यावर मन बदललं तर चडफडत बसणं. बाँड मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लुक असतो, परत करता येतो, हे विकतानाच सांगा.

आणि कस्टमर चिडला म्हणून "पहिला हप्ता मी भरतो काका, घ्या तेवढी" हे चुकून पण नको. कलम ४१ खाली तो गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत.

वडगावात एका विणकराच्या घरी बँकेतली ४३६ रुपयांची केंद्राची जीवन ज्योती विमा योजना बंद करायला निघालेले, कारण काय तर ती "मोदींची". वर्षाला ४३६ मध्ये दोन लाखाचं कव्हर, ५० वर्षांपर्यंत त्यात नाव घालता येतं, आणि नॉमिनी त्याची बायको, मोदी नाहीत. मी एवढंच विचारलं की वैनींना विचारलंय काय. त्यांनी बंद केली नाही. दुसऱ्या पक्षाच्या घरात राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारावर असंच बोलतात. योजना कुणाचीही असू दे, ३१ मेला खात्यात ४३६ रुपये आहेत की नाही ते बघायला सांगा.

आपलं स्वतःचं वागणं

व्हॉट्सअॅप स्टेटसवर राजकीय काही नको, ज्या नंबरवरनं प्रीमियमची आठवण जाते त्या नंबरवरनं तर अजिबात नको. तुम्ही प्रचाराला जाताय, जा, तुमचा हक्क आहे, पण पॉलिसीची बॅग घरी ठेवून जा. कॅलेंडर वाटताना कुठल्याच नेत्याचा फोटो नको, मराठी घराला मराठी, कन्नड घराला कन्नड, दोन्ही छापून घ्या, खर्च थोडा वाढतो. १ नोव्हेंबरला कुणालाही शुभेच्छा नाही आणि हप्त्याचा फोन पण नाही, ज्यांची ड्यू डेट तेव्हा आहे त्यांना २८-२९ ऑक्टोबरलाच आठवण करा. २०२२ च्या डिसेंबरला किंवा २०२५ च्या फेब्रुवारीला झालं तसं बसेस बंद, रस्ता तापलेला असेल तर भेटी पुढं ढकला.

तक्रारीची वाट पण आधीच लिहून द्या, कारण "कंपनी त्यांची, ऑफिस त्यांचं, आमचं कोण ऐकणार" हे वाक्य ह्या भागात रोज ऐकू येतं. आधी कंपनीकडं लेखी, ३० दिवस वाट बघायची, मग विमा लोकपाल. आपल्याला बेंगळुरूचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएचं बिमा भरोसा म्हणून पोर्टल आहे, फोन १५५२५५. मी हे बाँडच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून मराठीत लिहून देतो.

येळ्ळूरचे काका दोन वर्षं चार महिन्यांनी गेले, पहाटे, हार्ट अटॅक. तीन वर्षांच्या आत म्हणून क्लेमची चौकशी लागली, माणूस घरी आला, दवाखान्याचे जुने कागद मागितले, त्यात बीपी निघालं. ते फॉर्मवर लिहिलेलं होतं, गोळीच्या नावासकट, एक्स्ट्रा प्रीमियम पण भरलेला होता. क्लेम पास झाला. क्लेमच्या पैशाचा डिस्चार्ज फॉर्म घेऊन गेलो तेव्हा काकू त्याच सोप्यात बसलेल्या, बाजूला मुलगी. मी पेन पुढं केलं. काकूंनी घेतलं नाही.

"आधी वाचून दाखव," म्हणाल्या. "त्यांना दाखवलंस तसं."

मी पहिल्या ओळीपासनं वाचायला लागलो.